उदयंपेरूरच्या धर्मपरिषदेचे ठराव : एक परीक्षण

जुने ग्रंथ नष्ट करण्यासाठीं काढलेला हुकूमच कित्येकदां त्या ग्रंथांची सर्वांत विश्वसनीय यादी ठरतो. काय नष्ट करावयाचें हें हुकूम देणारास नेमकें सांगावें लागतें. आणि जें लोकांनीं विसरावें अशी त्याची इच्छा असते, तेंच तो कागदावर नोंदून ठेवतो. कोचीनजवळ उदयंपेरूर येथें इ. स. १५९९ च्या जूनच्या २० तारखेपासून २६ तारखेपर्यंत भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेचे ठराव हें याचें ठळक उदाहरण होय. ही परिषद गोव्याचा आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यानें बोलाविली. मलबारांत स्वतःस संत थोमाचे ख्रिस्ती म्हणविणारा एक प्राचीन समाज होता. त्याची उपासना, ग्रंथ व आचार रोमन वळणावर आणावे, हा परिषदेचा उद्देश. पोर्तुगीज लेखक उदयंपेरूरास 'द्याम्पेर' म्हणतात, व युरोपीय ग्रंथांत ही परिषद त्याच नांवानें ओळखली जाते.

या परिषदेविषयीं लिहिणारांत स्थूलमानानें दोन पक्ष आहेत. एक म्हणतो कीं, रोमच्या धर्मपीठाशीं एकनिष्ठ राहावयाचें तर मलबारी उपासनेंतील दोष काढणें अवश्य होतें, व तें काम अधिकारी पुरुषाच्या हातून झालें. दुसरा म्हणतो कीं, एका परकी आर्चबिशपानें एका जुन्या समाजाची परंपरा जाळून टाकली. दोघेही ठरावांचाच आधार घेतात. परंतु हे ठराव कोणाच्या हातचे, कोणत्या भाषेंतले व कोणत्या प्रतींतून आपल्यापर्यंत आलेले, हा प्रश्न वादाच्या भरांत मागें पडतो. संशोधकाचें काम मात्र तेथूनच सुरू होतें. ज्यास पुराणे कागद गोळा करण्याचा नाद आहे, त्यास या दफ्तरापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे, असें वाटल्यावरून आम्ही हें परीक्षण वाचकांपुढें ठेवीत आहों.

ठरावांच्या प्रती

ठराव पहिल्यानें छापले गेले ते पोर्तुगालांत कोइंब्रा येथें, इ. स. १६०६ सालीं. त्याच सालीं व त्याच गांवीं आंतोनियु द गोव्हेआ याचें 'जॉर्नादा' हें मेनेझिसच्या मलबारांतील स्वारीचें वर्णन प्रसिद्ध झालें. गोव्हेआ हा मेनेझिसच्याच ऑगस्टीनियन संघांतला साधु. आपल्या नायकाचा पराक्रम वर्णन करणें हा त्याचा हेतु आहे, व तो तें लपवीत नाहीं. परिषदेनें सुधारलेल्या मलबारी मिस्सेचें लॅटिन भाषांतरही त्याच वेळीं छापण्यांत आलें. इंग्रजी वाचकांस हे ठराव कळले ते मायकेल गेडिस याच्या ग्रंथामुळें. तो लंडनमध्यें १६९४ सालीं निघाला. गेडिस हा इंग्लंडच्या चर्चचा पुरोहित. मलबारचे ख्रिस्ती पूर्वीं पोपचे अंकित नव्हते हें दाखविण्याचा त्याचा कटाक्ष असल्यामुळें त्याच्या टीपा वाचतांना तोल सांभाळावा लागतो. ठरावांचा मलयाळम पाठही हस्तलिखितांत टिकून राहिला; तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्करिया झकरिया यांनीं संपादून छापला.

म्हणजे ज्यास आपण 'परिषदेचे ठराव' म्हणतों, तें एक पुस्तक नसून निदान तीन साक्षी आहेत : छापलेला पोर्तुगीज पाठ, कलमी मलयाळम पाठ, आणि गोव्हेआची कथा. या तिन्ही एकमेकींशीं सर्वत्र जुळत नाहींत. पोर्तुगीज पाठांतील कांहीं ठराव मलयाळम पाठांत आढळत नाहींत. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. परिषदेंत जमलेल्या बहुतेकांस पोर्तुगीज येत नव्हतें. त्यांनीं जें ऐकलें व ज्यावर सही केली तें मलयाळमांत. तेव्हां जें मलयाळमांत नाहीं तें सभेपुढें आलें होतें काय, ही शंका रास्त ठरते. योनास थालियाथ यांनीं रोम येथें १९५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रबंधांत हा व इतर पुरावा मांडून, चर्चच्या कायद्याच्या कसोटीवर ही परिषद प्रमाण ठरत नाहीं असें प्रतिपादन केलें. ते स्वतः मलबारच्या कॅथलिक समाजांतलेच धर्मगुरु होते हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. परिषदेवरील सर्वांत कडक कायदेशीर टीका रोमच्या विरोधकाकडून न येतां रोमच्या छायेंतच लिहिली गेली.

सह्यांचें मोल

सभेस सुमारें दीडशें कत्तनार, म्हणजे मलबारी पुरोहित, व सहाशेंहून अधिक गृहस्थ हजर होते, व आर्चडीकन गीवर्गीस यानेंही मान तुकवून सही केली. यावरून सर्व समाजानें ठराव राजीखुषीनें मान्य केले असा निष्कर्ष पोर्तुगीज लेखक काढतात. आमच्या मतें तो टिकत नाहीं. ठरावांचा मसुदा परिषद भरण्यापूर्वींच मेनेझिसनें तयार करविला होता. परिषदेच्या अगोदरच्या महिन्यांत त्यानें अनेक नव्या कत्तनारांस दीक्षा देऊन आपल्या बाजूची संख्या वाढविली होती. आणि नऊ बैठकांचा सारा व्याप सात दिवसांत आटोपला. सिद्धान्त, संस्कार, विवाह, वारसा, वेष, पंचांग इतक्या विषयांवर या अवधींत खरोखर विचारविनिमय झाला असेल असें मानणें कठीण आहे. अशा कागदावरील सही ही संमतीची खूण नव्हे. ती हजेरीची खूण होय. आपल्याकडील महजरांवरील साक्षी वाचतांना जो विवेक आपण ठेवतों, तोच येथें ठेवला पाहिजे.

परंतु याच्या उलट टोंकाचें विधानही पुराव्यास धरून नाहीं. मेनेझिस मनाला येईल तें करीत होता असें नव्हे. पोप आठवा क्लेमेंट याच्या १५९५ व १५९७ सालच्या आज्ञापत्रांचा आधार त्यास होता. अंगमालीचा वृद्ध महाधर्माध्यक्ष मार अब्राहाम याची चौकशी करावी, आणि त्याच्या पश्चात् बाबिलोनकडून नवा बिशप येऊं न देतां तात्पुरती व्यवस्था लावावी, एवढा अधिकार त्यांत होता. मार अब्राहाम १५९७ च्या जानेवारींत वारला. व्यवस्था लावण्याचा अधिकार आणि एका प्राचीन समाजाची उपासना बदलून टाकणारी परिषद बोलाविण्याचा अधिकार हे एकच कीं काय, हाच वादाचा खरा कणा आहे. थालियाथ यांचें उत्तर नकारार्थी आहे, व आज्ञापत्रांचा मजकूर पाहतां आम्हांस तेंच सयुक्तिक वाटतें.

निष्ठा कोणाशीं ?

तिसऱ्या बैठकींत असा ठराव आहे कीं, उपासनेंत 'बाबिलोनच्या पात्रिआर्का'चें नांव विश्वाचा धर्मपाल म्हणून घेऊं नये. घेणारा बहिष्कृत होईल. नांव घ्यावयाचें तें पोपचें. वरवर पाहतां हा निष्ठेचा सरळ प्रश्न दिसतो. परंतु मागील अर्धशतकाचा इतिहास त्याशेजारीं ठेवला म्हणजे चित्र पालटतें. १५५३ सालीं योहान सुलाका हा पूर्व सुरियानी साधु रोमला जाऊन तेथेंच पात्रिआर्क म्हणून अभिषिक्त झाला. त्याच्या मागून आलेल्या अब्दिशो यास पोप चौथा पायस यानें मान्यता दिली. मार अब्राहाम याच शाखेचा होता. तोही रोमला जाऊन आला होता, आणि गोव्याच्या १५८५ सालच्या तिसऱ्या प्रांतिक परिषदेस हजर होता. तेव्हां मलबारच्या कत्तनारानें आपल्या पात्रिआर्काचें नांव घेणें म्हणजे रोमशीं द्रोह, हें समीकरण सरळ बसत नाहीं. ज्या पात्रिआर्कांस रोमनें हात दिला होता, त्यांच्याच परंपरेंतलें तें नांव होतें. रोमशीं ऐक्य आणि पोर्तुगीज आश्रयाखालील लॅटिन चर्चशीं एकरूपता या दोन भिन्न गोष्टी मेनेझिसनें एक मानल्या. आणि हा भेद त्याच्या नंतरही पुष्कळांस दिसला नाहीं.

या ठिकाणीं एका हस्तलिखिताची साक्ष घेणें अवश्य आहे. रोमच्या व्हॅटिकन ग्रंथालयांत सुरियानी संग्रहांतील २२ क्रमांकाची पोथी उपासनेंत वाचावयाच्या पौलाच्या पत्रांची आहे. भारतांत लिहिलेल्या व आज उपलब्ध असलेल्या सुरियानी हस्तलिखितांत ती सर्वांत जुनी गणतात. ती शेंगला, म्हणजे कोडुंगल्लूर, येथें ग्रीक शक १६१२ मध्यें, म्हणजे इ. स. १३०१ सालीं, झकरिया नांवाच्या मुलानें उतरली. तिच्या समाप्तिलेखांत त्या वेळचा पूर्वेचा पात्रिआर्क याबालाहा व भारताचा महाधर्माध्यक्ष मार याकोब यांचीं नांवें आदरानें घेतलेलीं आहेत. म्हणजे जें नांव घेण्यास १५९९ सालीं बंदी झाली, तें घेण्याचा प्रघात निदान तीनशें वर्षांचा होता, याचा लेखी पुरावा रोमच्याच कपाटांत आहे.

दुसरा कागदही रोमचाच आहे. पोप पांचवा पायस यानें १५७० सालीं 'क्वो प्रीमुम' या आज्ञापत्रानें लॅटिन चर्चसाठीं एकच मिस्साग्रंथ ठरवून दिला. आजचे कॅथलिक परंपरानिष्ठ याच आज्ञापत्राचा हवाला देऊन जुन्या लॅटिन मिस्सेचा हक्क सांगतात. परंतु त्यांत असेंही कलम आहे कीं, ज्या चर्चमध्यें दोनशें वर्षांहून अधिक काळ अखंड चालत आलेली स्वतःची रीत असेल, तिला हात लावूं नये. आज्ञापत्र लॅटिन विधींपुरतें आहे. मलबारास तें कायद्यानें लागू होत नव्हतें हें आम्ही जाणतों. तथापि त्यामागील तत्त्व असें कीं, दीर्घकाळच्या वहिवाटीला अधिकारानेंही मान द्यावा. तें तत्त्व मांडल्यास तीसही वर्षें झालीं नव्हतीं, तोंच उदयंपेरूर येथें तीन शतकांच्या लेखी वहिवाटीची दाद घेतली गेली नाहीं.

जाळावयाच्या ग्रंथांची यादी

तिसऱ्या बैठकीच्या चौदाव्या ठरावांत नाशास पात्र ठरविलेल्या ग्रंथांचीं नांवें दिलीं आहेत. तारणाऱ्याच्या बाल्याची कथा, निसिबिसच्या अब्दिशोचा 'मोतीं' हा सिद्धान्तग्रंथ, धर्मपरिषदांचें पुस्तक, आकाशांतून पडलेलें म्हणून समजलें जाणारें रविवारचें पत्र, रब्बान होर्मिझ्द या साधूचें चरित्र, खामीस या कवीचीं स्तोत्रें, शकुन व चिठ्ठ्या पाहण्याचें पुस्तक, 'पारिसमान' नांवाचें फारसी वैद्यकाचें व मंत्रतंत्राचें पुस्तक, अशीं नांवें तींत येतात. प्रत्येक नांवाखालीं त्यांत कोणता दोष आहे तेंही दिलें आहे. सोळाव्या ठरावानें बाकीचे सर्व सुरियानी ग्रंथ मेनेझिसकडे अथवा जेझुइट फ्रान्सिस्को रोझ याच्याकडे तपासणीसाठीं सोपवावे असें फर्माविलें.

या यादीचें परीक्षण करतां तीन गोष्टी नजरेस येतात. पहिली, तींत सर्व जातींचे ग्रंथ एका पंक्तीस बसविले आहेत. अब्दिशोचा ग्रंथ हा तेराव्या शतकाच्या अखेरीचा व्यवस्थित सिद्धान्तग्रंथ. त्याच्या शेजारीं शकुनाचें पुस्तक. यामुळें यादीकारास ग्रंथांच्या योग्यतेशीं कर्तव्य नव्हतें, फक्त दोषाशीं होतें, हें उघड होतें. दुसरी, मलबारच्या डोंगरपट्ट्यांत सोळाव्या शतकांत काय वाचलें जात होतें, याची इतकी सविस्तर यादी दुसरीकडे मिळत नाहीं. मेसोपोटेमियांतील विद्या समुद्रमार्गानें किती दूरवर व किती खोल पोहोंचली होती, तें या यादीवरून कळतें. तिसरी, यादी करणारास हे ग्रंथ वाचतां येत होते. रोझ हा सुरियानी जाणणारा विद्वान होता; परिषदेच्या सुमारें बारा वर्षें अगोदर त्यानें या ग्रंथांतील चुकांवर एक निबंध लिहिला होता, व तो इरेने होशेर यांनीं १९२८ सालीं छापून प्रसिद्ध केला. चुका दाखविण्यासाठीं रोझनें जे उतारे घेतले, ते आज मूळ ग्रंथांच्या मलबारी प्रतींचे अवशेष म्हणून मोलाचे आहेत.

मेनेझिसनें परिषदेनंतर गांवोगांवच्या चर्चना भेटी देऊन ग्रंथ जमा केले, कांहीं दुरुस्त केले व कांहीं जाळले, हें गोव्हेआ स्वतःच अभिमानानें सांगतो. त्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु मलबारांत एकही जुनें सुरियानी पुस्तक उरलें नाहीं, हें जें सर्रास लिहिलें जातें, तें मात्र सोडून दिलें पाहिजे. ठरावांतच जाळणें व दुरुस्त करणें हे दोन मार्ग वेगळे केलेले आहेत. शिवाय इश्तवान पेर्त्सेल व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २००० नंतर केरळांतील संग्रहांचीं छायाचित्रें घेऊन जें काम केलें, त्यानें अपेक्षेहून बरेंच अधिक साहित्य उजेडांत आणलें. थ्रिशूर येथील पौर्वात्य चर्चच्या संग्रहांतील ६४ क्रमांकाचें हस्तलिखित, म्हणजे त्याच अब्दिशोचा चर्चच्या कायद्यांवरील ग्रंथ, २००५ सालीं प्रतिकृतिरूपानें छापला गेला. सर्व जळालें असें मानणारा मनुष्य शोधावयास जात नाहीं. म्हणून ही दंतकथा संशोधनास जाळणाराइतकीच घातक आहे.

मिस्सेंतील दुरुस्त्या

पांचव्या बैठकींत मिस्सेच्या पाठांतील दुरुस्त्या एकेक करून सांगितल्या आहेत. नेस्तोरियस, थिओडोर व डिओडोर यांच्या नांवांवर चालणाऱ्या अर्पणप्रार्थना मिस्साग्रंथांतून फाडून जाळाव्या. 'प्रेषितांची' म्हणून जी अद्दाइ व मारी यांची प्रार्थना, ती दुरुस्त करून ठेवावी. 'ख्रिस्ताची माता' असें जेथें असेल तेथें 'देवाची माता' म्हणावें. नेस्तोरियसादिकांचीं नांवें गाळावीं. आणि भाकर व द्राक्षरस यांवर उच्चारावयाचीं ख्रिस्ताचीं वचनें रोमच्या शब्दांप्रमाणें बदलावीं. या शेवटल्या वचनांस पुढें आम्ही 'स्थापनावचनें' म्हणूं.

येथें ठरावांच्या कर्त्यानें नकळत मोठा उपकार करून ठेवला. दुरुस्ती सांगावयाची म्हणजे मूळ शब्द उद्धृत करावे लागतात. कॉनोली या बेनेडिक्टाइन विद्वानानें १९१४ सालीं हेंच सूत्र धरलें. परिषदेचे ठराव एका हातीं व छापलेली सुधारित मिस्सा दुसऱ्या हातीं घेऊन त्यानें प्रत्येक दुरुस्ती उलट दिशेनें फिरविली, आणि मेनेझिसच्या पूर्वींचा मलबारी पाठ पुष्कळ अंशीं परत उभा केला. पाठचिकित्सेचा हा नमुना आमच्या मतें अभ्यासूंनीं मुळांतून वाचावा. त्यावरून असेंही दिसलें कीं, मेनेझिसनें मिस्सेची बांधणी मोडली नाहीं. प्रार्थनांचा क्रम बहुतांशीं राहिला. हें मेनेझिसच्या टीकाकारांनीं मान्य करावयास हवें.

परंतु उलट फिरवून जो पाठ हातीं येतो, तो 'प्राचीन शुद्ध पाठ' नव्हे, ही सावधगिरीही बाळगली पाहिजे. अद्दाइ व मारी यांच्या प्रार्थनेच्या जुन्या प्रतींत स्थापनावचनें मुळींच नाहींत. मोसूल येथील मार एशायाच्या चर्चमधील दहाव्या अथवा अकराव्या शतकांतली प्रत मॅकोम्बर यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली. तींतही तीं नाहींत. उलट परिषदेपुढील मलबारी प्रतींत तीं होतीं, फक्त रोमच्या शब्दांशीं जुळत नव्हतीं. म्हणजे मेनेझिसच्या अगोदरच कोणीतरी तीं घातलीं होतीं. मेनेझिस हा पहिला हात नव्हे. त्याची दुरुस्ती ही दुरुस्तीवरची दुरुस्ती होय. 'परंपरा' या शब्दानें एकच अचल वस्तु दर्शविली जाते असें समजणारांनीं हें ध्यानीं घ्यावें.

आणि या प्रकरणाचा शेवट तर कोणत्याही वादपटूस सुचला नसता असा झाला. खाल्डी व असिरियन चर्चच्या लोकांनीं परस्परांच्या उपासनेंत भाग घेण्याविषयीं रोमनें २००१ सालीं जो निर्णय दिला, त्यांत स्थापनावचनें सलग शब्दांत नसलेली अद्दाइ व मारी यांची प्रार्थना वैध आहे असें मान्य केलें. ज्या धर्मपीठाच्या नांवानें १५९९ सालीं शब्द बदलले गेले, त्याच पीठानें ४०२ वर्षांनीं ते शब्द मुळींच नसलेला पाठ ग्राह्य धरला. आम्ही हें रोमला टोमणा मारण्यासाठीं लिहीत नाहीं. अधिकाराचें मत बदलूं शकतें. तें बदलण्यास पुरावा लागतो. आणि तो पुरावा, सुदैवानें, मोसूलच्या एका चर्चमध्यें जपलेला होता. जर मेनेझिसचा हात मोसूलपर्यंत पोहोंचला असता, तर २००१ चा निर्णय कशाच्या आधारावर झाला असता ?

पुढील परिणाम

परिषदेनंतर अंगमालीचा महाधर्माध्यक्षाचा दर्जा काढून ती गोव्याच्या हाताखालीं देण्यांत आली. तो दर्जा १६०८ सालीं परत मिळाला. मेनेझिसनें बसविलेली घडी अर्धशतकच टिकली. ता. ३ जानेवारी १६५३ रोजीं मट्टांचेरी येथें क्रूसास दोर बांधून मोठ्या जमावानें जेझुइटांचा अधिकार झुगारण्याची शपथ घेतली. त्याच वर्षीं आलंगाड येथें बारा कत्तनारांनीं हात ठेवून आर्चडीकन थोमास यास बिशप केलें. पुढें रोमनें कार्मेलाइट साधु पाठवून समाजाचा मोठा भाग परत वळविला. उरलेल्यांनीं १६६५ सालीं आलेल्या मार ग्रेगोरियस याच्या द्वारें अँटिओककडे तोंड वळविलें.

या घटनेचें उपासनेच्या दृष्टीनें कोणी नीट परीक्षण केल्यास एक विलक्षण गोष्ट दिसेल. जे रोमकडे राहिले, त्यांनीं सुधारलेली पण मूळची पूर्व सुरियानी मिस्सा चालू ठेवली. तीच १७७४ सालीं रोम येथें छापली गेली. ज्यांनीं जुन्या परंपरेसाठीं शपथ घेतली, त्यांच्यांत हळूहळू अँटिओकची पश्चिम सुरियानी उपासना आली, जी मलबारांत पूर्वीं रूढ नव्हती. आज्ञाधारकांनीं जुनें निम्मेंशिम्में राखलें; परंपरानिष्ठांनीं नवें स्वीकारलें. यावरून कोणास दोष देणें नको. परंतु पक्षाचें नांव पाहून त्याच्या हातांतील ग्रंथाचें वय ठरवूं नये, हा धडा घेण्यासारखा आहे.

मराठी वाचकास हा अनुभव सर्वस्वी परका नाहीं. सोळाव्या व सतराव्या शतकांत गोव्यांतील हिंदूंच्या पोथ्यांवरही असाच प्रसंग गुदरला. तेथेंही धर्मप्रसारकांनीं भाषा शिकण्यासाठीं व खंडनासाठीं ज्या मराठी व कोंकणी कथा रोमन लिपींत उतरवून घेतल्या, त्या पोर्तुगालांत ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत ७७१, ७७२ व ७७३ क्रमांकांच्या बाडांत टिकून राहिल्या. मेनेझिस हा पुढें १६१२ सालीं त्याच ब्रागाचा आर्चबिशप झाला, हा केवळ योगायोग. त्यावरून संबंध जोडूं नये. परंतु विरोधकाच्या दफ्तरांत आपलें साहित्य शोधावें, ही रीत दोन्ही ठिकाणीं सारखीच फलदायी ठरली आहे.

अधिकारास पुराव्याची गरज

विसाव्या शतकांत वारा फिरला. १९३४ सालीं पोप अकरावा पायस यानें मलबारच्या उपासनेचें लॅटिनीकरण पुढें चालवूं नये असें ठरवून मूळ पाठ शोधण्याचें काम सुरू करविलें. पुनःस्थापित पाठास १९५७ सालीं मान्यता मिळाली, तो १९६२ सालीं वापरांत आला, आणि १९८६ सालीं पोप दुसरा जॉन पॉल यानें कोट्टयम येथें त्याची महापूजा केली. हें काम करणारांस मलबारांतील दुरुस्त प्रती पुरेशा नव्हत्या. पूर्व सुरियानी परंपरेच्या अन्यत्र राहिलेल्या प्रतींकडे वळावें लागलें. म्हणजे अधिकाराशीं निष्ठा म्हणून ज्यांनीं पानें खोडलीं, त्यांनीं पुढल्या काळांतील अधिकारालाच साधनांवांचून ठेवलें. आमच्या परीक्षणाचें सार एवढेंच आहे.

तरीही वाद मिटला नाहीं. सिरो-मलबार चर्चच्या बिशपांनीं १९९९ सालीं ठरविलें, व २०२१ च्या ऑगस्टांत पुन्हा बजावलें, कीं मिस्सेचा आरंभ व शेवट लोकांकडे तोंड करून आणि मधला अर्पणाचा भाग वेदीकडे तोंड करून व्हावा. एर्नाकुलम-अंगमाली प्रांतांतील बहुसंख्य धर्मगुरूंनीं सर्व मिस्सा लोकांकडे तोंड करून करण्याचा आपला अर्धशतकाचा प्रघात सोडण्यास नकार दिला. पोप फ्रान्सिस यांनीं ता. ७ डिसेंबर २०२३ रोजीं चित्रफितीद्वारें आज्ञापालनाचें आवाहन केलें. याच २०२१ च्या जुलैंत त्यांनीं लॅटिन चर्चमधील जुन्या मिस्सेवर निर्बंध घातले होते. तेथें परंपरानिष्ठ वेदीकडे तोंड करण्यासाठीं अधिकाराशीं भांडतात. येथें अधिकार वेदीकडे तोंड करावयास सांगतो, व प्रघातानें बांधलेले लोक भांडतात. 'परंपरा' आणि 'आज्ञा' हे शब्द दोन्ही ठिकाणीं तेच. त्यांच्या जागा मात्र अदलाबदल झालेल्या. कोणाची बाजू खरी हें सांगणें इतिहाससंशोधकाचें काम नव्हे. पण दोन्ही पक्ष उद्यां ज्या पुराव्याकडे वळतील, तो राखणें हें त्याचें काम आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. खोडाखोड केलेली प्रत ही बिघडलेली प्रत समजून बाजूस सारूं नये. पात्रिआर्काच्या नांवावर ओढलेली रेघ, 'ख्रिस्ताची' या शब्दावर चिकटविलेला 'देवाची' हा कागद, मधून फाडलेलीं पानें व त्यांचीं उरलेलीं मुळें, समाप्तिलेखांतील नांवें व शक, हीं सर्व टिपून ठेवावीं, आणि पोथीची दुरुस्ती करतांना तीं पुसूं नयेत. स्वच्छ प्रतीवरून एका काळचा पाठ कळतो. खोडलेल्या प्रतीवरून दोन काळांचा, आणि त्यांच्यामधील भांडणाचा. उदयंपेरूरच्या ठरावांचें महत्त्व त्यांच्या अधिकारांत राहिलेलें नाहीं. जें त्यांस नको होतें, तें त्यांनीं नांवनिशीवार लिहून ठेवलें, यांत तें आहे.